पाच वेढ्यांचा दोरा

दसऱ्याला सुकलालची कुऱ्हाड पाटावरून खाली आली.

मुद्दाम कुणी खाली ठेवली नाही. पाट एकच होता. त्यावर भूपेंद्रचं झाडं कापायचं नवं मशीन बसलं आणि मग पाटावर एका लिंबापुरती जागा उरली. तिथे लिंबू ठेवलं. कुऱ्हाड भिंतीला टेकली, पिठाच्या डब्याशेजारी. गोडादऱ्यातल्या त्या घरात बावीस वर्षं दसऱ्याला पाटाच्या मधोमध कुऱ्हाड असायची, आणि तिच्या आजूबाजूला मानकऱ्यांसारखे करवत, कोयता, भागीरथीची कात्री आणि भूपेंद्र मिलमधून आणायचा तो एक पाना.

भूपेंद्र हा सुकलालचा साडू. सुकलालची बायको भागीरथी, तिच्या धाकट्या बहिणीचा, चंचलचा नवरा. दोन गल्ल्या सोडून राहायचा. उधन्याला मिलमध्ये चांगला कामाला होता, ते सोडलं आणि चेनसॉ घेतला. धंदे जगात पुष्कळ आहेत. मोबाईलचं दुकान टाकता येतं, साड्यांवर टिकल्या चिकटवता येतात, कुणी अडवत नाही. पण त्याला सुकलालसारखी झाडंच कापायची होती.

"साडूभाऊ, तुमच्याकडे बघूनच शिकलो," असं तो चारचौघांत म्हणायचा. हे वाक्य सुकलालला मिरचीच्या ठेच्यासारखं लागायचं. बघून शिकला म्हणे. बावीस वर्षांत एकदा दोरी ओढायला आला होता, तीही अर्ध्यात सोडून फोन घेतला होता.

पूजेला सासूबाई होत्या. इंदुबाई सहा महिने थोरल्या जावयाकडे राहायच्या, सहा महिने धाकट्याकडे, आणि दोन्ही घरांत दुसऱ्या घरच्या भाजीचं कौतुक करायच्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कुलदेवीच्या देवळातून आणलेल्या लाल दोऱ्याचं एक गुंडाळं होतं. तो दोरा सहसा बाहेर निघायचा नाही. चंचलच्या बाळंतपणात निघाला होता. भूपेंद्रने स्कूटर घेतली तेव्हा निघाला होता. कुऱ्हाडीसाठी एकदा सुकलालने आडून आडून विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कुऱ्हाडीले काय बांधानं? दांडा तर दरसाल बदलस."

त्या दिवशी पेटी उघडली. इंदुबाईंनी चेनसॉच्या पुढच्या मुठीला दोरा गुंडाळला. एक, दोन, तीन, चार, पाच वेढे. वर गाठ, गाठीवर कुंकू.

"आते याले काही व्हत नही," त्या म्हणाल्या.

उरलेलं कुंकू कुऱ्हाडीला लागलं. तेही भागीरथीच्या लक्षात आलं म्हणून.

सुकलालला हेवा वाटत नव्हता. एवढंच की त्या दिवशी त्याने श्रीखंडाला हात लावला नाही आणि विचारल्यावर दाढेचं कारण सांगितलं. ती दाढ त्याने चार वर्षांपूर्वीच काढून टाकली होती.

मशीनचं रिकामं खोकं भागीरथीने कांदे ठेवायला आणलं. आठवड्याभराने सुकलाल कांदा घ्यायला गेला तर तळाशी एक पुस्तक सापडलं. मशीन कसं वापरायचं याचं. हिंदीतून होतं, आणि पानोपानी चित्रं. प्रत्येक चित्रात एक हेल्मेटवाला माणूस काहीतरी चुकीचं करत होता आणि त्याच्यावर लाल फुली मारलेली होती. सुकलालला तो माणूस पहिल्या पानापासून आवडला. फक्त चेहरा भूपेंद्रसारखा नव्हता, एवढी एक उणीव.

पुढचे पंधरा दिवस त्याने ते पुस्तक पोथीसारखं वाचलं. आयुष्यात त्याने इतकं काही वाचलं नव्हतं, रेशनकार्डसुद्धा. हेतू साधा होता: मशीनमध्ये खोटी काढायच्या. आणि कंपनीने बिचारीने सगळ्या स्वतःच लिहून दिल्या होत्या. मशीन दोन्ही हातांनी धरावं. खांद्याच्या वर नेऊ नये. शिडीवर उभं राहून चालवू नये. गरम असताना पेट्रोल भरू नये. पायात सँडल नको, जाड बूट हवेत. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी उभं नको. झाड पडू लागलं की मागे तिरकं सरकायची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. अकराव्या पानावर सगळ्यांत मोठी लाल फुली होती. लांब पात्याच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन उसळी मारून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. त्यासाठी मुठीच्या पुढे एक काळी दांडी दिलेली आहे. उसळीसरशी ती पुढे ढकलली जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. ती दांडी सदैव मोकळी हलती ठेवावी.

असूयेने माणूस खंगतो म्हणतात. सुकलाल शिकत होता. गोडादऱ्यात चेनसॉबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्या महिन्यात अशा माणसाला होती ज्याने चेनसॉला हातसुद्धा लावला नव्हता.

ही विद्या तो रविवारच्या जेवणाला वाटायचा.

"भूपेंद्र, पायात काय घालून कापतोस?"

"सँडल."

"पाय किती आहेत?"

"दोन."

"मोजून ठेव."

चंचल वाढता वाढता थांबायची. "दाजी, तुम्हाला चांगलं बोलताच येत नाही का ह्यांच्याशी?"

"चांगलंच बोलतोय. डोळ्यांना काय लावतोस रे?"

"गॉगल आहे ना, साडूभाऊ." भूपेंद्र हसायचा. "लग्नात घेतलेला."

"त्यातून दिसतं?"

"दिसत नाही तेवढं. पण फोटो चांगले येतात."

सगळे हसायचे. सुकलालचं बोलणं अक्षर न् अक्षर बरोबर होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. कारण तो जळतो हे घराला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं. "जळू द्या त्यांना," घरी जाताना चंचल नवऱ्याला सांगायची, आणि ते भागीरथीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायची.

मग सोसायटीचं झाड निघालं.

शाळेमागच्या सोसायटीत पंपरूमला लागून एक शिरीष उभा होता, दोन वर्षांपासून वाळलेला. त्या सोसायटीची प्रत्येक फांदी आजवर सुकलालने उतरवली होती. प्रमुख धर्मेंद्रभाई रस्त्यात भेटले की "सुकलालभाई, अमारां झाड तमारां झाड," म्हणायचे. महापालिकेची परवानगी हातात आल्यावर त्यांनी सुकलालला बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं की झाड भूपेंद्रभाई कापणार, मशीनने. लवकर होतं ना.

"तमे दोरडुं पकडजो," ते प्रेमाने म्हणाले. तुम्ही दोरी धरा.

सुकलालने चहा संपवला. कप परत ठेवताना तो थोडा जोरात ठेवला गेला, पण कप स्टीलचा होता.

कामाच्या दिवशी सकाळी आठला तो झाडावर चढला आणि दोरखंड वर बांधून आला. भूपेंद्र गॉगल लावून खाली फोटो काढून घेत होता. वाळक्या झाडावर चढणं, कुठली फांदी वजन घेईल आणि कुठली हातात येईल हे पाय टेकवण्याआधी ओळखणं, याचा फोटो कुणी काढला नाही. गॅलरीतली माणसं मशीन बघायला जमली होती.

खाली उतरल्यावर सुकलालने मशीन पहिल्यांदा जवळून पाहिलं. दसऱ्याला त्याचं लक्ष भिंतीकडे होतं.

लाल दोरा होता तिथेच होता. पाचही वेढे घट्ट. पण इंदुबाईंनी नुसत्या मुठीला गुंडाळला नव्हता. मुठीपुढची ती काळी दांडी आणि मूठ, दोन्ही मिळून बांधलं होतं, जसं आपण नारळाला आणि कलशाला एकत्र बांधतो. दांडी हलायची सोय उरली नव्हती. सुकलालच्या डोळ्यांसमोर अकरावं पान आलं. लाल फुलीसकट.

"भूपेंद्र," तो म्हणाला, "तो दोरा काढ."

भूपेंद्रने गॉगल कपाळावर सरकवला. "कोणता दोरा?"

"आईंनी बांधलेला. चुकीच्या जागी बांधलाय. त्याने ब्रेक—"

"आता दोऱ्यावर पण?" भूपेंद्र धर्मेंद्रभाईंकडे वळून हसला. "भाई, ऐकलं का? सासूने मला दोरा बांधला, ते ह्यांना सहन होईना."

धर्मेंद्रभाई हसले. गॅलरीतली दोन माणसं हसली, त्यांना तर मराठी येतही नव्हतं.

"अरे, पुस्तकात लिहिलंय—"

"साडूभाऊ, पुस्तक तुमच्याकडे आहे. मशीन माझ्याकडे आहे. दोरी धरा."

सुकलालने दोरी धरली. मनात म्हणाला, मर. मग जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही.

भूपेंद्रने मशीन एका हातात लोंबकळवत त्याची दोरी ओढून ते चालू केलं, जसं करू नये असं सातव्या पानावर होतं. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला बुंध्यात खाच घ्यायला सुरुवात केली. मशीन लोण्यातून जावं तसं गेलं. सुकलालला जे काम घामाच्या अर्ध्या तासाचं, ते दोन मिनिटांत. भुसा फवाऱ्यासारखा उडत होता. गॅलरीतून कुणीतरी "वाह" म्हणालं. बावीस वर्षांत सुकलालच्या घावाला कुणी वाह म्हटलेलं नव्हतं. "आवाज कमी करा, मुलांची परीक्षा आहे," असं म्हटलं होतं.

आणि तरी त्याची नजर पात्याच्या नाकावर होती. ते नाक इकडेतिकडे भटकत होतं. एकदा बुंध्याच्या फुगवट्याला घासता घासता राहिलं, आणि सुकलालच्या हातातली दोरी ताठ झाली.

खाच पूर्ण झाल्यावर धर्मेंद्रभाईंनी चहा मागवला. सगळे पंपरूमच्या सावलीत गेले. मशीन बुंध्यापाशी राहिलं, आणि दोरी धरलेला सुकलाल.

तो विचार करू लागला, आणि सुकलालसारखा माणूस जसा करील तसाच. समजा, मशीन उसळलं. समजा, भूपेंद्रच्या गालाला लागलं. मग काय होईल? भूपेंद्र दवाखान्यात पडेल. मागे त्याला डेंग्यू झाला होता तेव्हा काय झालं होतं ते सुकलालला तोंडपाठ होतं. नवापूरपासून माणसं आली होती. शहाळ्यांचा ढीग लागला होता. भागीरथीने आठ दिवस मुगाची खिचडी करून दोन गल्ल्या पलीकडे पोचवली होती, आणि घरी काय, तर तीच खिचडी. इंदुबाई इकडचे सहा महिने सोडून तिकडे गेल्या त्या वर्षभर. आणि तो नुसता डास होता. इथे तर यंत्राचा घाव, तोही कामावर, तोही फोटोसकट! जन्मभर गालावर व्रण मिरवील. लोक म्हणतील, मर्द आहे. इंदुबाई पेटीतलं अख्खं गुंडाळं त्याला बांधतील. आणि सुकलालला त्याचा हेवासुद्धा करता येणार नाही. जखमी माणसाचा हेवा करणाऱ्याला समाज माफ करत नाही.

नाही. पाट गेला, झाड गेलं, सोसायटी गेली. आता दवाखानापण त्यालाच द्यायचा? एवढा काही तो जवळचा लागत नव्हता.

सुकलालने दोरी शेजारच्या खांबाला गुंडाळली. मशीनजवळ बसला. कमरेचा कोयता काढला आणि टोकाने एकेक वेढा कापला. पाचही. देवीचा दोरा फेकता येईना, म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग काळी दांडी अंगठ्याने पुढे ढकलली. खट्. मागे ओढली. खट्. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मशीन उचलून पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं, आणि मूठ हातात इतकी नीट बसली की त्याला राग आला. दांडी पुढे ढकलून तशीच ठेवावी, म्हणजे भूपेंद्रने मशीन चालू केलं की नुसतं बोंबलेल, चेन हलणार नाही, आणि सगळ्या गॅलरीसमोर… एवढं मनात आलं. तो मोह आवरायला दोरा कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी दांडी मागे ओढून, मशीन होतं तसं ठेवून तो दोरीपाशी गेला.

चहानंतर मागचा काप. भूपेंद्र सरळ आरपार निघाला होता. सुकलाल ओरडला, "थांब! दोन बोटं लाकूड शिल्लक ठेव. तीच बिजागरी. ती कापलीस तर झाड तुला विचारून पडणार नाही." या वेळी भूपेंद्रने ऐकलं, कारण झाड करकरलं होतं. सुकलालने कापात लाकडी पाचर ठोकली, भूपेंद्रला मागे तिरक्या वाटेने पिटाळलं आणि दोरी ओढली. शिरीष बिजागरीवर वळला आणि मोकळ्या जागेत, ठरल्या रेषेत आडवा झाला. पंपरूमचं एक कौलही हललं नाही.

टाळ्या पडल्या. भूपेंद्रने मशीन वर उचलून दाखवलं.

तेवढ्यात चंचल आणि इंदुबाई डबा घेऊन आल्या. म्हणून की काय, भूपेंद्रला चेव आला. आडव्या झाडाच्या फांद्या तो झपाझप उतरवू लागला. चौथी फांदी कापताना तिच्यामागची पाचवी त्याला दिसली नाही. गॉगल होता ना. पात्याचं नाक तिला टेकलं.

मशीन उसळलं. कुणाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पातं वर आलं, भूपेंद्रच्या तोंडाकडे आलं, त्याच्या मनगटाने काळी दांडी पुढे ढकलली गेली आणि खट् असा आवाज झाला. चेन थांबली. भूपेंद्रच्या गालापासून वीतभर अंतरावर. गॉगल खाली पडला होता.



"अरे वाह!" धर्मेंद्रभाई म्हणाले. "आ तो ऑटोमेटिक छे!"

"आपोआप थांबलं," चंचल रडत रडत म्हणाली. "बघा, चांगल्या कंपनीचं घेतलं म्हणून. स्वस्तातलं घेतलं असतं तर?"

सगळ्यांनी मशीनचं कौतुक केलं. एकाने त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. सुकलाल दोरी गुंडाळत बसला होता. आजवर तो माणसावर जळत होता. आता मशीनवरही जळायची वेळ आली.

इंदुबाई मात्र मशीनकडे निरखून बघत होत्या. "दोरा कोठे गया?"

सगळ्यांनी पाहिलं. दोरा नव्हता. मुठीला कुंकवाचा डाग तेवढा होता.

"दोरा तोडा कोनी, म्हनूनच हाई व्हयनं!" इंदुबाईंचा आवाज चढला. "नजर लागनी मना जवाईले, नजर!"

"सकाळी…" भूपेंद्र म्हणाला. त्याचे ओठ अजून पांढरे होते. "सकाळी साडूभाऊच दोऱ्याबद्दल बोलत होते."

आता सगळे सुकलालकडे बघत होते. चंचलने डोळे पुसले, नीट दिसावं म्हणून. "दाजी, इतकं? देवीच्या दोऱ्यापर्यंत?"

सुकलालने खिशात हात घातला आणि दोरा काढला. पाच तुकडे. इंदुबाईंनी तोंडावर पदर घेतला.

 मशीन बंद आहे हे त्याने आधी पाहिलं, मग मांडीवर घेतलं. पुढे गेलेली काळी दांडी मागे ओढली, सगळ्यांत लांब तुकडा मुठीला आणि दांडीला मिळून गुंडाळला, दसऱ्याला होता तसा, आणि गाठ मारली.

"आता दांडी पुढे ढकल," तो भूपेंद्रला म्हणाला.

भूपेंद्रने ढकलली. दांडी हलली नाही. जोर लावला. हलली नाही. सुकलालने गाठ सोडली. "आता ढकल."

खट्.

भूपेंद्र त्या दांडीकडे बघत राहिला. मग त्याचा हात हळूच स्वतःच्या गालाकडे गेला आणि तिथे जरा वेळ राहिला.

"हाई पुस्तकमा लिखेल शे का?" इंदुबाईंनी विचारलं.

"अकराव्या पानावर."

"मशीनच्या पुस्तकात?" चंचलचा चेहरा उजळला. "म्हणजे ह्यांच्याच पुस्तकात! बघा, पुस्तकसुद्धा कसं चांगलं दिलंय कंपनीने."

सुकलालने वर आभाळाकडे पाहिलं. तिथे आता झाड नव्हतं, त्यामुळे आभाळ बरंच मोठं दिसत होतं.

इंदुबाई मात्र दोऱ्याचे तुकडे गोळा करत होत्या. एकेक उचलला, कपाळाला लावला. मग चार तुकडे एकमेकांना गाठी मारून जोडले, पाचवाही जोडला, आणि सुकलालसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात दखाडा, जवाई."

"कशाला?"

"दखाडा म्हणतस ना!"

सुकलालने हात पुढे केला. राठ हात होता तो, दांड्याचे घट्टे पडलेला. इंदुबाईंनी दोरा मनगटावर गुंडाळला. एक, दोन, तीन, चार, पाच. गाठी टोचत होत्या. कुंकू नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या कपाळचं थोडं बोटावर घेतलं.

दोरा त्यांनी आजवर स्कूटरला बांधला होता, पाळण्याला बांधला होता, मशीनला बांधला होता. जावयाच्या हाताला कधी नाही. कुणाच्याच.

भूपेंद्र ते बघत होता. आधी दोऱ्याकडे, मग सुकलालच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा दोऱ्याकडे. घसा साफ केला.

"आई," तो म्हणाला, "मरता मरता मी वाचलो."

"हाव ना, भाऊ," इंदुबाई मायेने म्हणाल्या.

"मग माझ्या हाताला?"

"तुमले मशीन शे ना!"

भूपेंद्रने खाली वाकून गॉगल उचलला, पुसला आणि न लावता खिशात ठेवला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते सुकलालने लगेच ओळखलं. दसऱ्यापासून रोज सकाळी दाढी करताना आरशात ते त्याला दिसत होतं.

डबा उघडला. सुकलालने तीन भाकरी खाल्ल्या.

"साडूभाऊ," जेवताना भूपेंद्र म्हणाला, भाकरीकडे बघत, "ते पुस्तक जरा द्याल?"

"देईन की. कांद्याखाली आहे. पण आधी बूट घे."

थंडीचे दिवस होते. चांगला गारवा होता. पण घरी जाताना सुकलालने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि इस्त्रीवाल्याच्या गल्लीने, लांबच्या रस्त्याने गेला.